चित्रफितीची साक्ष

धारपासून जवळच, अमझेऱ्याच्या वाटेवर, तिरला नावाचे गाव आहे. माळव्याच्या इतिहासात हे नाव एका लढाईमुळे टिकून राहिले. मोगलांच्या बाजूने माळव्याचा कारभार पाहणारा दया बहादूर याला मराठी फौजांनी येथे गाठून मारले, ही हकीकत सर जॉन मालकम याच्या मध्य हिंदुस्थानावरील १८२३ च्या ग्रंथापासून रूढ झाली आणि पुढील लेखकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या उतरून घेतली. १९३० नंतर रियासतकार सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तरातील कागद प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा चित्र पालटले. गिरिधर बहादूर व दया बहादूर हे दोघेही २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे पडले, असे त्या कागदांवरून अभ्यासकांनी ठरविले. लढाईचे स्थळ बदलले, सालही बदलले. शंभर वर्षे मुलांना शिकविला गेलेला एक प्रसंग अस्सल पत्रांच्या साक्षीपुढे टिकला नाही.

ही कथा येथे सांगण्याचे कारण लढाईविषयी काही नवे प्रतिपादन करणे हे नव्हे. गतकाळातील प्रसंग जाणून घेताना कोणाची साक्ष प्रमाण मानावी, हा प्रश्न इतिहासाचा तितकाच साहित्यविचाराचाही आहे. बखर, पोवाडा, पत्र, दंतकथा यांचे मोल कसे करावे याची चर्चा आपल्याकडे राजवाड्यांपासून चालू आहे. विसाव्या शतकात मात्र एक निराळाच साक्षीदार पुढे आला. तो बोलत नाही, लिहीत नाही. घडले ते दाखवितो, असा त्याचा दावा आहे. हा साक्षीदार म्हणजे चलच्चित्राची फीत. तिच्या साक्षीची उलटतपासणी आपण अजून पुरेशी केलेली नाही, असे आम्हांस वाटते. ती करण्यासाठी राजकारणातल्या एखाद्या प्रसंगापेक्षा खेळाचा सामना अधिक सोयीचा. सामन्यात काय घडले याची नोंद धावफलकात असते. त्यामुळे फितीत काय आले, काय सुटले आणि काय बदलले हे ताडून पाहता येते. म्हणून भारताने इंग्लंडमध्ये जिंकलेला पहिला कसोटी सामना, म्हणजे ऑगस्ट १९७१ मधील ओव्हलचा सामना, आणि त्याच्या जपून राहिलेल्या चित्रफिती हा या लेखाचा विषय आम्ही घेतला आहे.

प्रथम या साक्षीदाराचे कुळ पाहू. क्रिकेटचे आज पाहावयास मिळणारे सर्वांत जुने चलच्चित्र १८९७ चे मानले जाते. त्यात रणजितसिंहजी ऑस्ट्रेलियात सराव करताना दिसतात. सामना नव्हे, सराव. आणि तोही काही क्षणांचा. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रीकरण केले. यंत्र विलायतेहून आणविलेले. फीत धुण्यासाठीही विलायतेलाच पाठवावी लागली. १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या मुंबईतील आगमनाचेही त्यांनी चित्रीकरण केले. मराठी माणसाने यंत्र हाती घेतले ते पुराणकथेसाठी नव्हे, समोर घडणाऱ्या प्रसंगासाठी. आणि त्यांतला पहिला प्रसंग एक सामना होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुर्दैव असे की, रणजितसिंहजींची फीत उरली आणि सावेदादांच्या फिती उरल्या नाहीत. कुस्ती झाली हे आपल्याला शब्दांवरूनच ठाऊक आहे. ज्या साधनाने शब्दांवर मात करावयाची, त्याचीच आठवण शब्दांनी जतन करावी, असा हा उलटा न्याय आहे.

आता ओव्हलकडे वळू. सामना १९ ऑगस्टला सुरू झाला. इंग्लंडने ३५५ धावा केल्या; दुसरा दिवस पावसाने गेला; भारताचा डाव २८४ वर आटोपला. ७१ धावांनी मागे पडलेल्या संघाने सामना जिंकावा असे तोवर काहीच घडले नव्हते. चौथ्या दिवशी भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी बाद केले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपला. १७३ धावांचे लक्ष्य समोर ठेवून भारताने त्या संध्याकाळपर्यंत २ बाद ७६ केल्या आणि २४ ऑगस्टला उरलेल्या ९७ धावा जमवून ४ गडी राखून विजय मिळविला. १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर होळकरांच्या पदरी असलेल्या कर्नल सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली भारत पहिली कसोटी खेळला. तेव्हापासून ३९ वर्षांनी हा दिवस उगवला. कर्णधार अजित वाडेकर होते. त्यांच्याबरोबर दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर, अशोक मंकड, फरोख इंजिनियर असे मुंबईचे अनेक खेळाडू होते. मराठी वाचकाला हा विजय घरचा वाटला यात नवल नाही.

या सामन्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण झाले. परंतु त्यातला सारा भाग उरलेला नाही. त्या काळी चित्रफिती महाग असत. एकीवरचे प्रक्षेपण पुसून तिच्यावर दुसरे उतरवून घेण्याची रीत इंग्लंडमध्येही होती. पाच दिवसांच्या खेळातून आज पाहावयास मिळतात ते तुकडे: एड्रिच याची यष्टी उडाली तो चेंडू, सोलकर यांनी घेतलेला नॉट याचा झेल, आबिद अली यांचा विजयी चौकार, मैदानात धावत आलेला जमाव, सज्जातून हात हलविणारे वाडेकर व चंद्रशेखर. पाच दिवसांचा प्रसंग काही मिनिटांत आला. ही निवड कोणी केली? काही अंशी त्या वेळच्या संपादकाने, काही अंशी कालाने, काही अंशी केवळ योगायोगाने. बखरकाराची निवड आपण तपासतो. या निवडीकडे मात्र, ती यंत्राने केली अशा समजुतीने, डोळेझाक करतो.

तरीही फितीचे सामर्थ्य कमी लेखणे अन्यायाचे होईल. सोलकरांचा झेल पाहा. धावफलकात त्याची नोंद एवढीच: नॉट झेल सोलकर गोलंदाज वेंकटराघवन १. नॉट याने पहिल्या डावात ९० धावा केल्या होत्या. दुसऱ्या डावात तो टिकता तर सामन्याचे पारडे फिरले असते. वृत्तपत्रांनी या झेलाला अद्‌भुत म्हटले, अशक्य म्हटले. हे शब्द आपण इतके झिजविले आहेत की त्यांतून काही दिसतच नाही. चित्रफितीत मात्र जवळच वाकून उभा असलेला सोलकर चेंडूचा अंदाज बांधून पुढे झेपावतो, अंग जमिनीवर सपाट पडते आणि चेंडू भुईला टेकण्यापूर्वी हात त्याच्याखाली गेलेला असतो. किती लहान अंतर, किती थोडा वेळ, आणि तरीही केवढी निश्चिती! येथे विशेषण लागत नाही. ज्या वर्णनकारांनी हा झेल स्वतः पाहिला त्यांनाही तो इतका स्पष्ट सांगता आला नाही. आमच्या मते या एका क्षणासाठी तरी फितीला प्रथम साक्षीदाराचा मान दिलाच पाहिजे. अस्सल पत्राने तिरल्याच्या कथेचे जे केले, ते अशी फीत अतिशयोक्तीचे करू शकते. आणि येथे तर तिने अतिशयोक्ती वाटणाऱ्या शब्दांना खरे ठरविले.

परंतु याच फितीतला दुसरा क्षण घ्या. एड्रिचची बॅट खाली येण्यापूर्वीच चेंडू यष्टीवर आदळतो. चंद्रशेखर फिरकी गोलंदाज. त्यांचा चेंडू इतक्या वेगाने का आला? फीत मूक राहते. उत्तर शब्दांत आहे. त्या वर्षी डर्बीची शर्यत मिल रीफ नावाच्या घोड्याने जिंकली होती. चंद्रशेखर यांच्या जलद चेंडूला खेळाडूंनी थट्टेने तेच नाव दिले होते, आणि तो टाकण्याची सूचना सरदेसाईंनी केली, असे चंद्रशेखर पुढे सांगत असत. म्हणजे जो चेंडू आपण पाहतो त्याच्यामागे एक हाक आहे, एक थट्टा आहे, दोन खेळाडूंमधला विश्वास आहे. यांतले काहीही यंत्राच्या भिंगातून आत गेलेले नाही. फीत कार्य दाखविते. कारण दाखवीत नाही. कारणाची साक्ष माणसाच्या तोंडूनच घ्यावी लागते. आणि ती घेताना आठवणीतली भर वजा करण्याचे जुने काम इतिहासकाराला करावेच लागते.

दुसरी मर्यादा दृष्टिकोनाची. त्या काळी इंग्लंडमधील प्रक्षेपणात मुख्य चित्रण मैदानाच्या एकाच टोकाकडून होई. एका षटकात गोलंदाजाची पाठ आणि फलंदाजाचा चेहरा दिसे. पुढच्या षटकात फलंदाजाची पाठ. दोन्ही टोकांना यंत्रे ठेवण्याची पद्धत १९७७ नंतर, ऑस्ट्रेलियातील पॅकर यांच्या सामन्यांपासून, रुळली. म्हणजे ओव्हलचा अर्धा खेळ आपण पाठमोरा पाहतो. कादंबरीत निवेदक कोठे उभा आहे हे आपण विद्यार्थ्यांना विचारावयास शिकवितो. हाच प्रश्न चित्रफितीलाही विचारला पाहिजे. जे यंत्राच्या बाजूला घडले ते खरे आणि जे पलीकडे घडले ते गौण, असे तर आपण नकळत मानीत नाही ना?

तिसरी मर्यादा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती काळाची. १७४ धावा करण्यास भारताला १०१ षटके लागली. शेवटच्या दिवशी कालच्या ४५ धावांत एकही भर न घालता वाडेकर धावचीत झाले. सरदेसाईंनी ४० आणि विश्वनाथ यांनी ३३ धावा जमविल्या, त्या जणू एकेक पै जोडून कर्ज फेडावे तशा. अंडरवुड व इलिंगवर्थ यांच्यापुढे घाई करणे म्हणजे आत्मघात होता. त्या दिवसाचा खरा नायक कोणताही फटका नव्हता. तो धीर होता. न खेळलेले चेंडू, सोडून दिलेले चेंडू, पुढे येऊन नुसते अडविलेले चेंडू यांचा तो दिवस होता. फितीत काय उरले? चौकार, आणि धावत येणारा जमाव. ज्या विजयाचा आशय संयम हा होता, तो विजय फितीत उतावळा दिसतो. चित्रे खोटी नाहीत. पण त्यांच्या क्रमातून उमटणारा अर्थ खोटा आहे. आज जो विद्यार्थी ही चित्रे पाहील त्याला असे वाटेल की भारताने फटक्यांच्या जोरावर सामना जिंकला. त्याला धावफलक शेजारी ठेवून शिकविणारा शिक्षक भेटला नाही, तर तिरल्यासारखीच एक चुकीची हकीकत आणखी शंभर वर्षे चालेल. आणि या वेळी तिला ‘प्रत्यक्ष पाहिले’ असे बळ असेल.

येथे मराठी आकाशवाणीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. बाळ पंडितांसारख्या समालोचकांनी क्रिकेटसाठी मराठी घडविली, ती न दिसणारा खेळ ऐकणाऱ्याला दिसावा म्हणून. धावत्या वर्णनाला वाट पाहणे सांगता येते. काही घडत नसतानाही बोलावे लागते. म्हणून क्षेत्ररक्षकांच्या जागा, आकाशाचा रंग, फलंदाजाचे घुटमळणे हे सारे त्यात येते. चित्रफितीच्या संकलनात जे कापले जाते, तेच धावत्या वर्णनाचे अन्न असते. म्हणून शब्द हा चित्राचा दुबळा पर्याय आहे, हे मत आम्हांस मान्य नाही. चित्र क्षण राखते. काळ राखण्याचे काम शब्दांचे.

चौथी गोष्ट अर्थाची. त्या ऑगस्टमध्ये चेसिंग्टन प्राणिसंग्रहालयातील बेला नावाची हत्तीण ओव्हलच्या मैदानावर आणली गेली. परक्या प्रेक्षकाला ती गंमत वाटेल. फार तर हिंदुस्थानी म्हणजे हत्ती, या ठराविक कल्पनेची खूण वाटेल. २४ ऑगस्टला गणेशचतुर्थी होती हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या मनात तेच चित्र अगदी वेगळे उमटते. घरी मूर्ती बसलेली आहे, आणि विलायतेच्या हिरवळीवर गजमुख दिसले! फीत दोघांसाठी एकच, अर्थ दोन. चित्राचा अर्थ चित्रात पुरा नसतो, तो पाहणाऱ्याच्या संस्कारांतून पुरा होतो, हे रससिद्धांताच्या अभ्यासकांना निराळे सांगण्याची गरज नाही. वाडेकर स्वतः विजयाच्या क्षणी विश्रांतिकक्षात झोपले होते आणि केन बॅरिंग्टन यांनी त्यांना उठवून बातमी दिली, असे ते सांगत. सज्जात हात हलविणारा कर्णधार फितीत दिसतो. झोपलेला दिसत नाही. आणि माणूस म्हणून वाडेकर समजण्यास हे दुसरे, न टिपलेले चित्रच अधिक उपयोगी आहे.

येथवर जे म्हटले त्याचा आपल्या माळव्याशी निकटचा संबंध आहे. माळव्याचे थोर क्रिकेट प्रायः फितीबाहेरचे आहे. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर होळकर आणि मुंबई यांच्यात रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबईने ४६२ व ७६४ धावा केल्या, होळकरांनी ३६० व ४९२, एकूण २०७८. विजय मर्चंट यांनी २७८ धावा काढल्या. होळकरांकडून मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके केली. आणि युद्धकाळात महूच्या छावणीत नेमणूक असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. ८६७ धावांचे लक्ष्य समोर असताना नायडूंचा संघ ३७४ धावांनी हरला. त्या पराभवाची प्रतिष्ठा आजही कित्येक विजयांना लाभलेली नाही. चौदा वर्षांच्या आयुष्यात चार वेळा विजेता व सहा वेळा उपविजेता ठरलेला तो होळकर संघ. देवासच्या महाराजांच्या आश्रयाने वाढलेले, जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा करणारे विजय हजारे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर असताना प्रतिपक्षाने खेळ सोडल्यामुळे ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमापासून नऊ धावा दूर राहिलेले आणि पुढे होळकरांकडून खेळलेले भाऊसाहेब निंबाळकर — या सर्वांची साक्ष आज मुख्यतः धावफलक, वृत्तपत्रांचे रकाने, छायाचित्रे आणि वृद्धांच्या आठवणी यांत आहे.

म्हणून ते क्रिकेट कमी खरे ठरते काय? काहींच्या मते फीत नाही तेथे दंतकथाच उरते. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे कपिल देव यांनी झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ धावा केल्या. १७ धावांत ५ गडी गमावलेल्या संघाला त्यांनी सावरले. परंतु तेथे चित्रण झाले नाही. म्हणूनच ती खेळी अधिक मोठी वाटते, असे पुष्कळदा म्हटले जाते. या मतात तथ्य आहे. पण ते अर्धे. धावफलक तर आहे. साक्षीदारही अनेक होते. फितीच्या अभावाने खेळी मोठी झाली नाही. आपले लक्ष तिच्याकडे अधिक वळले, इतकेच. खरा धोका निराळा आहे. २०२१ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘८३’ या चित्रपटात त्या खेळीचा देखावा नव्याने उभा केला आहे. चित्रपट म्हणून त्याचे मोल काही असो. पुढच्या पिढीच्या मनात मात्र हा देखावाच मूळ प्रसंगाच्या जागी जाऊन बसेल. जेथे अस्सल फीत नाही तेथे नक्कल फीत अस्सलाचे स्थान घेते. बनावट सनदा ओळखण्यास शिकलेल्या समाजाने याबाबत सावध असावे.

मग निष्कर्ष काय? आमच्या मते चित्रफितीला अस्सल पत्राच्या पंक्तीस बसवावे. मात्र पत्राप्रमाणेच तिचीही परीक्षा करावी. कोणी घेतली, कोठून घेतली, केव्हा कापली, तिला आवाज मूळचा आहे की मागाहून जोडलेला, हे प्रश्न विचारल्याशिवाय तिला प्रमाण मानू नये. सोलकरांच्या झेलाविषयी ती निर्णायक साक्षीदार आहे. त्या दिवसाच्या धीराविषयी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. मिल रीफच्या चेंडूविषयी ती अपुरी आहे. एकाच साक्षीदाराची एक जबानी ग्राह्य धरावी आणि दुसरी बाजूस ठेवावी, यात विसंगती नाही.

आणखी एक कर्तव्य जतनाचे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर मूकपटांचे युग जवळजवळ सारे नाहीसे झाले होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या ज्वालाग्राही फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. फिती जळतात, कागद कुजतात, माणसे जातात. तिन्ही साक्षीदार मर्त्य आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत पडलेल्या धावसंख्येच्या वह्या, जिल्ह्याच्या गावी निघालेल्या साप्ताहिकांचे जुने अंक, संस्थानी काळातील संघांची छायाचित्रे व त्यांच्या मागे लिहिलेली नावे हे सारे माळव्याच्या क्रीडाजीवनाचे दप्तर आहे. ते जमविण्यास फार द्रव्य लागत नाही; आस्था लागते. इंदूर, देवास, धार येथील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून हे काम करून घेतले, तर भाषेचा, इतिहासाचा आणि खेळाचा असा तिहेरी अभ्यास एका उपक्रमात साधेल. जोडीला ओव्हलच्या झेलाची चित्रफीत वर्गात दाखवावी, ती पाहण्यापूर्वी धावफलकाची ओळ वाचून घ्यावी, आणि मग मुलांना त्या दिवसाचा न दिसलेला भाग लिहावयास सांगावा. चित्र कोठे थांबते आणि लेखणीने कोठून पुढे जावे, हे त्यांना एका तासात समजेल.

तिरल्याची चूक दुरुस्त झाली, कारण दोनशे वर्षांपूर्वीची पत्रे कोणीतरी फेकून दिली नव्हती, आणि पुढे ती जुन्या ग्रंथाशी ताडून पाहण्याचे कष्ट कोणीतरी घेतले. फितीच्या बाबतीतही याहून अधिक काही नको, आणि याहून कमी चालणार नाही.